चिलटांच्या चरबीवरून झालेलं भांडण

सुजाता,

तुझी चिलटं जिवंत आहेत. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर माझी खुशाली विचारायच्या आधी तेच विचारलं असतंस. सगळ्या बाटल्यांमधलं अन्न बदललंय, अळ्या काचेवर चढायला लागल्यात, आणि खिडकीजवळच्या ज्या बाटलीला तू ‘लाडावलेली’ म्हणायचीस तिच्यात नेहमीप्रमाणे इतरांपेक्षा जास्त गर्दी आहे. तू गेल्यावरच्या जलदान विधीला मिरजगावला तुझ्या घरी आपलं सगळं झूलॉजी डिपार्टमेंट आलं होतं. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, मग एकेक जण तुझ्याबद्दल बोलायला उभा राहिला. एक सर म्हणाले, “सुजाता मॅडम अत्यंत शांत आणि मितभाषी होत्या.” मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडतेय. मला हसू आवरत नव्हतं गं. मितभाषी! आपल्या दोघींच्या आवाजापायी शेजारचे केमिस्ट्रीवाले भर उन्हाळ्यात दार लावून बसायचे, ते त्या सरांना कुणी सांगितलं नसावं.

आपण भांडलो खूप, पण भांडण एकच होतं. बाहेरच्या माणसाला ते सांगायला गेलं तर तो डोक्यावर हात मारून घेईल. चिलटाच्या अळीच्या पोटात चरबीची पांढरी फीत असते. तिच्यातल्या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. कोलॅजेन नावाचं प्रथिन जिथं असेल तिथं तपकिरी रंग चढवायची प्रक्रिया आपण त्या फितीवर करायचो, आणि मायक्रोस्कोपखाली शेजारशेजारच्या दोन पेशींच्या हद्दीवर तपकिरी ठिपके आणि बारक्या रेघा दिसायच्या. मी म्हणायचे, हे प्रथिन पेशीच्या आतच आहे, तयार होऊन कडेला अडकून पडलंय. तू म्हणायचीस, अजिबात नाही, ते पेशींच्या बाहेर आहे, दोघींच्या मधे आहे, आणि त्याच्याच आधारानं त्या एकमेकींना धरून राहिल्यात. आत की बाहेर, बस, एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवरून आपण किती चहा गार केले याचा हिशेब कॅन्टीनवाल्यालाही लागायचा नाही.

आणि ते भांडण मिटायच्या आत तू निघून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

तू कर्जतच्या आमच्या कॉलेजात रुजू झालीस तेव्हा मी तिथं चांगली मुरलेली होते. झुरळ, बेडूक, गांडूळ, दरवर्षी त्याच आकृत्या, त्याच जर्नलवर सह्या, सुखात चाललं होतं माझं. पहिल्याच आठवड्यात तू मला बाजारच्या दिवशी बाजारतळावर नेलंस. मला वाटलं भाजी घ्यायचीय. तू केळीवाल्याच्या हातगाडीपाशी काचेची रिकामी बाटली उघडून उभी राहिलीस. तो बिचारा गांगरला. “मॅडम, केळी घ्या की. चिलटं काय धरता?”

“चिलटं फुकट आहेत का?” तू विचारलंस.

“घ्या, समदी घ्या! आन् परत आनून सोडू नका म्हंजे झालं.”

ती बाटली घेऊन आपण भर बाजारातून चाललो होतो आणि ओळखीची पोरं “मॅडम, काय घेतलं?” म्हणून डोकावत होती. मला लाज वाटत होती. तू मात्र प्रत्येकाला बाटली उंच धरून दाखवत होतीस. तुझ्याशी माझं जमणार, हे मला त्याच दिवशी कळलं. ते कळून मी जरा घाबरलेही होते.

मग त्या चिलटांचं खाणंपिणं सुरू झालं. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगरची भुकटी. डिपार्टमेंटच्या शेगडीवर तू ते घोटायला लागलीस की वास पार ऑफिसपर्यंत जायचा. एकदा प्राचार्य स्वतः आले आणि दारातूनच म्हणाले, “कुणाचा वाढदिवस?” तू चमचा पुढे करत म्हणालीस, “सर, चव बघता?” ते खरंच पुढं झाले होते. मी मधे पडले नसते तर त्यांनी चिलटांचं जेवण चाखलं असतं आणि तू त्यांना चाखूही दिलं असतंस.

पेरूच्या बागेवाले ते काका आठवतात? कॉलेजात फळमाशीवर काम चालतं असं कुठून तरी ऐकून आले होते. “आमच्या पेरूची पार वाट लावली हो तिनं,” म्हणाले, “काय औषध असंल तर द्या.” तू त्यांना खुर्ची दिलीस, चहा मागवलास आणि समजावून सांगितलंस की तुमच्या बागेतली माशी वेगळी, ती चांगल्या फळाला भोक पाडून अंडी घालते, आमची ही नुसती सडक्या फळावर बसणारी, गरीब. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो काढेचनात. शेवटी मान वर करून म्हणाले, “डोळं लई लाल हायेत हिचं. म्हंजे आमी हिच्या भनीला मारायला बागंत हिंडतो, आन् तुमी हिला गूळ चारता व्हय?” तू म्हणालीस, “पाहुणी आहे काका.” पुढच्या आठवड्यात ते दोन पिशव्या घेऊन आले. एकीत चांगले पेरू होते, दुसरीत सडके. सडके तुझ्या पाहुणीला आणि चांगले आपल्याला. चांगल्यांपैकी बरेचसे तूच संपवलेस, हे मी विसरलेली नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना तू अँटिबॉडी समजावून सांगायचीस तेव्हा मी बाहेर उभी राहून ऐकायचे, हे तुला ठाऊक नसेल. तू म्हणायचीस, “लग्नाच्या मांडवात हजार माणसं आहेत, त्यात नवरदेवाचा मामा शोधायचाय. आपल्याला तो ओळखू येत नाही. पण एक मावशी अशी असते की ती गर्दीत बरोबर त्या मामापाशीच जाते आणि त्याचा हात घट्ट धरते, दुसऱ्या कुणाचा धरतच नाही. ही झाली पहिली अँटिबॉडी. मग आपण फोटोग्राफरला पाठवतो. त्याला मामा माहीत नाही, तो फक्त त्या मावशीला ओळखतो. तो तिच्यापाशी जाऊन फ्लॅश मारतो. ही दुसरी. जिथं फ्लॅश पडला तिथं मामा.” मुलं खिदळायची. परीक्षेत एका मुलानं मामा, मावशी आणि फोटोग्राफर यांची आकृती काढून नावं दिली आणि तू त्याला पूर्ण गुण दिलेस. मी मॉडरेशनला बसले होते, मी ते कापायला निघाले, आणि त्यावरूनही आपली जुंपली. आज सांगते, आकृती छान होती.

आपली मावशी पुण्याहून आली होती. तुझ्या ओळखीच्या एका वयस्कर शास्त्रज्ञानं निवृत्त होताना कोलॅजेन ओळखणाऱ्या अँटिबॉडीची एक इवलीशी कुपी तुला दिली, आणि तू ती थर्मासमध्ये बर्फात ठेवून एसटीनं मांडीवर घेऊन आलीस. तेव्हापासून आपल्या डिपार्टमेंटच्या फ्रिजची इज्जत वाढली. लाइट गेली की तू कासावीस व्हायचीस. पहिल्यांदा तू हायवेवरच्या रसवंतीत धावत गेलीस आणि नुसता बर्फ मागितलास तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, रस न्हाई? नुस्ता बर्फ? कुनाला लागलंय का?” पुढं पुढं त्याला सवय झाली. लाइट गेली की तो स्वतःच बर्फाचा तुकडा फडक्यात गुंडाळून तयार ठेवायचा आणि विचारायचा, “मावशीची तब्येत बरी हाय ना?” तू त्यालाही मामा-मावशीची गोष्ट सांगितली होतीस. या तालुक्यात कुणाला सांगायची ठेवली होतीस?

आपल्या कामाची रीतही आपलीच होती. चरबीची फीत पाण्यावर तरंगते, द्रावण बदलायला गेलं की ड्रॉपरमध्ये ओढली जाते आणि मोरीत जाते. मोठ्या ठिकाणी याला काय करतात कोण जाणे. तू तुझ्या आईच्या कॅप्सूलचे रिकामे पत्ते आणलेस. एकेक गोळीचा एकेक खड्डा, त्यात एकेक फीत, खाली काळा कागद. कसं स्पष्ट दिसायचं! आणि शेवटच्या टप्प्याला दोघी लागायचोच. रंगाचं द्रावण घातलं की तपकिरी चढायला लागतं, आणि योग्य क्षणी ते धुऊन थांबवलं नाही तर सगळंच तपकिरी होऊन बसतं. ड्रॉपर तुझ्या हातात, घड्याळ माझ्या. तू म्हणायचीस, “तुझ्या आजोबांनी नेवाशात जन्मभर लोकांचे मुहूर्त काढले, तेव्हा वेळ बघायचं काम तुझ्या घराण्याचं.” मी म्हणायचे, “आणि तुझ्या घराण्याचं?” “आमच्या घराण्याचं काम, तुमच्या मुहूर्ताला ‘का?’ विचारायचं.” आणि दोघी हसत असताना मी एकदम ओरडायचे, “थांब!” आणि तू थांबवायचीस. यात कधी चूक झाली नाही.

आता ते पीएच.डी.चं. ते मला अजून टोचतं, तुला टोचलं त्यापेक्षा जास्त. तुझ्या प्रबंधात त्या तपकिरी ठिपक्यांवर एक आख्खं प्रकरण होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फोटो चाळले आणि म्हणाले, “हा रंगाचा कचरा आहे, नीट धुतलेलं दिसत नाही. हे काढून टाका, बाकीचं चांगलं आहे.” तू काढून टाकलंस. सभागृहाबाहेर सगळे हार घेऊन उभे होते, तू समोसा खात माझ्यापाशी आलीस आणि हळूच म्हणालीस, “डॉक्टर झाले गं. पण चरबी गेली.” आणि इतकी हसलीस की मलाही हसावं लागलं. घरी जाताना बसमध्ये मात्र तू खिडकीकडं तोंड करून बसली होतीस.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले की कचरा नाही, पण आत आहे. तू चवताळलीस. मला तेच हवं होतं.

परदेशातल्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत हे कुणी केव्हाच बघितलंही असेल, हे तुला माहीत होतं. तू म्हणायचीस, “बघू देत की. माझ्या कर्जतच्या चिलटांत काय आहे ते मला बघायचंय.” कचरा म्हणून टाकलेलं ते प्रकरण खरं होतं की खोटं, एवढंच तुला एकदा कळायला हवं होतं. आणि ते कळायचा मार्ग सोपा होता. पेशीभोवतीचा पडदा तेलकट असतो. अँटिबॉडीला आत शिरता यावं म्हणून आपण द्रावणात थोडा साबणासारखा पदार्थ घालतो, त्यानं पडद्याला भोकं पडतात. तो घातलाच नाही तर अँटिबॉडी बाहेरच राहते. म्हणजे साबणाशिवाय रंग चढला तर कोलॅजेन बाहेर, तू जिंकलीस. नाही चढला तर आत, मी जिंकले. आणि कुणी लबाडी करू नये म्हणून शेजारच्या खड्ड्यात एक साक्षीदार. पेशीच्या आतच राहणारं दुसरं एक प्रथिन ओळखणारी वेगळी अँटिबॉडी तिथं घालायची. साबण नसेल तर ती आत जाऊ शकत नाही, म्हणून तो खड्डा कोरा राहिला पाहिजे. साक्षीदार कोरा, तरच निकाल खरा.

त्या दिवसाबद्दल लिहितानाही मला हसू फुटतंय बघ. तू मायक्रोस्कोपला डोळा लावलास आणि किंचाळलीस. कोलॅजेनचा खड्डा असा सुरेख, हद्दीहद्दीवर तपकिरी! तू मला बघूही दिलं नाहीस. शिपायाला पिटाळून पेढे मागवलेस, स्टाफरूममध्ये वाटलेस, केमिस्ट्रीवाल्यांनाही दिलेस, प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन “सर, बाहेर आहे!” म्हणालीस आणि ते उठून दाराबाहेर कोण आहे ते बघायला लागले. मी पेढा तोंडात टाकला आणि सहज साक्षीदाराचा खड्डा बघितला. तोही तपकिरी. ठार तपकिरी.

मी तुला बोलावलं. तू बघितलंस. मग पत्ते उचलून वास घेतलास. आदल्या दिवशी तू ते पत्ते “स्वच्छ असावेत बाई, मोठा प्रयोग आहे,” म्हणून घरी नेऊन भांड्याच्या साबणानं खसाखसा घासून आणले होतेस. साबणाशिवायच्या प्रयोगाला साबणानं घासलेली भांडी! आपण दोघी खाली फरशीवर बसलो. तू हसता हसता डोळे पुसत म्हणालीस, “आता सगळ्यांकडून पेढे परत कसे घ्यायचे गं?”

कुपीत आता एका वेळेपुरतंच उरलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर करू, असं ठरलं. सुट्टीत तुला ताप यायला लागला.

नगरच्या दवाखान्यात मी आले तेव्हा तुझ्या नाकाला नळी होती आणि तरीही बोलणं चालूच होतं. नर्स रागावून गेली. तू विचारलंस, “पत्ते कशानं धुतलेस?” मी म्हणाले, “नुसत्या पाण्यानं. पण तू आल्याशिवाय करणार नाही.” तू म्हणालीस, “मी नसले तरी कर. तुझा आत असलेला मामा एकदाचा बाहेर पडू दे.” मी म्हणाले, “आतच आहे.” तू डोळे मिटून हसलीस. परत येताना मी जिन्यात थांबले होते. मला वर येऊन तुला एक सांगायचं होतं की ते बाहेर निघावं असं मलाही वाटतं, फार फार वाटतं. मी आत-आत करत राहिले, कारण तुझ्याशी भांडण्यात जी मजा होती ती दुसऱ्या कशातच नव्हती. पण भेटायची वेळ संपली होती. उद्या सांगू म्हटलं.

जलदान विधीला जेवणं झाल्यावर तुझ्या आईनं मला माजघरात बोलावलं. मला वाटलं रडतील. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, “काय गं मेधा, तुमचं त्ये भांडान मिटलं का?”

“कोणतं, मावशी?”

“आत का भाईर, त्ये. रोज जेवताना सांगायची. मेधा आसं म्हनली, मंग मी आसं म्हनले. घास तसाच हातात ऱ्हायचा. मला काय कळत न्हाई त्यातलं, पर त्येचं काय झालं शेवटी?”

“नाही मिटलं, मावशी. राहून गेलं.”

“आसं कसं ऱ्हाईल?” त्या म्हणाल्या. अशा आवाजात म्हणाल्या की जणू मी गॅसवर दूध ठेवून आले होते.

सोमवारी मी अळ्या काढल्या. तुझ्या त्या लाडावलेल्या बाटलीतल्याच घेतल्या. पत्ते नुसत्या पाण्यात, पुन्हा नुसत्या पाण्यात खळबळले. कुपीतलं उरलेलं सगळं घातलं, शेजारच्या खड्ड्यात साक्षीदाराची अँटिबॉडी घातली, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, आणि सकाळी येऊन धुतलं, मग फोटोग्राफरला पाठवलं. लाइट गेली नाही, ही तुझीच कृपा असं मी म्हणणार होते, पण तू कृपाबिपा ऐकून घेतली नसतीस. शेवटचा टप्पा आला आणि माझी पंचाईत झाली. ड्रॉपर माझ्या हातात, घड्याळही माझ्याच. रंगाचं द्रावण घातलं. डावीकडं बघायची सवय, डावीकडं कुणी नाही. घड्याळाकडं बघू की खड्ड्याकडं? मी खड्ड्याकडं बघत राहिले आणि मग कशानं कोण जाणे, मोठ्यांदा ओरडले, “थांब!” माझाच हात दचकला आणि पाणी घातलं. शेजारचं केमिस्ट्रीचं दार उघडलं. त्या लोकांनी डोकावून बघितलं, मला एकटीला बघून दार त्यांनी परत लावलं नाही. उघडंच ठेवलं. ते मला फार बरं वाटलं.

मी आधी साक्षीदार बघितला. फोकस लागेना. लागला तेव्हा पांढराशुभ्र. एकही पेशी उघडली नव्हती. कोरा, अगदी कोरा.

मग कोलॅजेनचा खड्डा.

सुजाता, त्या पेशी सगळ्या पांढऱ्या होत्या आणि प्रत्येक दोघींच्या मधे ठिपके. बारीक, गडद, ओळीनं. काही ठिकाणी छोटी रेघ. कुठंही डाग नाही, कुठंही पसरलेलं नाही. ज्याला त्या परीक्षकांनी कचरा म्हटलं ते तिथं होतं, तुझ्या हद्दीवर, तू सांगितलं होतंस तिथंच. मी हरले होते. सपशेल, पुराव्यानिशी हरले होते, आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मी वाजवल्याही. मग केमिस्ट्रीवाल्यांना बोलावून एकेकाला दाखवलं. त्यांतला एक जण बराच वेळ बघून म्हणाला, “मॅडम, म्हणजे एवढी वर्षं आम्ही दार लावत होतो ते याच्यासाठी?” मी म्हणाले, “याच्यासाठीच.”

प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलंय. तुझी भाषा तशीच ठेवतेय, एवढे ‘परंतु’ कशाला वापरायचीस ते कळत नाही, पण ठेवतेय. कुठं पाठवायचं ते बघू. तुझं नाव आधी, माझं मागून.

काल मोबाईलवर फोटो घेऊन मिरजगावला गेले. मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

“यातलं तिचं कोन्तं?”

“हे ठिपके बघा. मधले.”

“आन् तुजं?”

“माझं काहीच नाही, मावशी. तिचंच खरं निघालं.”

त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग पदरानं मोबाईल पुसला आणि मला परत दिला. डोळे नाही पुसले. म्हणाल्या, “मंग तिला सांगितलंस का?”

“आता कसं सांगू, मावशी?”

“मेलेलं मानूस आईकत न्हाई, ठावं हाय मला. आमी न्हाई मानत तसलं काय,” त्या म्हणाल्या. “तरीबी सांग. हारलेल्यानं सांगावं लागतंय.”

मी अंगणात जाऊन उभी राहिले. समोर रस्ता होता, पलीकडं ज्वारी. उसाचा एक ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता, तो जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, “सुजाता, ते बाहेर आहे. तू बरोबर होतीस.” शेजारच्या घरातून एका बाईनं डोकं बाहेर काढलं. मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी आत वळले.

मावशी शेंगा फोडतच होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भांडताना यवढ्याच आवाजात भांडायचीस का गं?”

मी परत अंगणात गेले.